बेघर कुटुंबांना दरमहा हमीची रोख रक्कम: ४ लाख डॉलरमध्ये रचना कशी बसवावी? (चर्चामंच; ओवी, जमाखर्च, कागदपत्र आणि सावली ही सदस्यांची नावं)

ओवी

कॅलिफोर्नियातल्या आमच्या छोट्या सेवाभावी संस्थेकडे ४ लाख डॉलर जमले आहेत. सगळा पैसा खासगी देणग्यांचा. शेल्टरमध्ये, मोटेलमध्ये किंवा नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणाऱ्या, मुलं असलेल्या कुटुंबांना दरमहा रोख द्यायची, अट कुठलीही नाही, एवढं ठरलं आहे. कच्चा हिशोब असा: ३० कुटुंबं, दरमहा १,००० डॉलर, १२ महिने. म्हणजे ३,६०,००० वाटपाला आणि ४०,००० बाकी खर्चाला. यात काय चुकतंय? काही कुटुंबांना फूड स्टॅम्प (अन्नखरेदीची सरकारी मदत), घरभाड्याचं सरकारी व्हाउचर, अपंग मुलाचं एसएसआय (केंद्र सरकारची दरमहा रोख मदत) मिळतं. त्यावर गदा येईल का, ही मुख्य धास्ती आहे.

जमाखर्च

सगळ्यात आधी १२ महिन्यांचा आकडा खोडा. भाडेकरार वर्षाचा असतो आणि घर शोधण्यातच तीन महिने जातात. म्हणजे किल्ली हातात येते तेव्हा नऊच हप्ते उरलेले असतात. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं असं बरेच घरमालक म्हणतात. घरमालकाला दाखवायच्या तुमच्या पत्रावर "मदत अमुक महिन्यात संपेल" असं दिसलं आणि ती तारीख करार संपायच्या आधीची निघाली, की अर्ज बाजूला पडतो.

दुसरं, सुरुवातीची एकरकमी रक्कम. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात अनामत साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकीच घेता येते (अगदी लहान घरमालकांना दोन महिन्यांपर्यंत मुभा आहे). भाडं २,००० धरलं तरी पहिल्या दिवशी अनामत आणि भाडं मिळून ४,००० लागतात. दरमहा हजार मिळणारं कुटुंब चार महिने काही न खाता ते साठवणार आहे का?

मी असं मांडेन: २० कुटुंबं. प्रत्येकी सुरुवातीला ४,०००, मग १२ महिने ८५०, पुढचे सहा महिने ६५०, ५५०, ४५०, ३५०, २५०, १५० असं उतरतं. एका कुटुंबाला १६,६००, वीस कुटुंबांना ३,३२,०००. उरलेल्या ६८,००० मधून सरकारी लाभांचा सल्लागार आणि लाभ कमी झालेल्यांसाठी नुकसानभरपाईचा निधी उभा राहतो.

अपेक्षाही आधीच नीट बांधून घ्या. व्हँकुव्हरच्या प्रयोगात ५० बेघर व्यक्तींना ७,५०० कॅनेडियन डॉलर एकदम दिले होते. वर्षभरात त्यांचे बेघर दिवस तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ९९ ने कमी भरले. पण गंभीर व्यसन किंवा मानसिक आजार नसलेले लोकच त्यात निवडले होते. डेन्व्हरमध्ये एका गटाला दरमहा १,०००, दुसऱ्याला आधी ६,५०० आणि मग दरमहा ५००, तर तिसऱ्याला फक्त ५० दिले. घर मिळालेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत ४५ टक्क्यांच्या आसपासच निघालं. म्हणून "आमच्या पैशाने इतक्यांना घर मिळालं" हे वाक्य तुलनेच्या गटाशिवाय अहवालात लिहू नका. कुटुंबांबाबत सर्वांत ठोस पुरावा अमेरिकी गृहनिर्माण खात्याच्या अभ्यासाचा आहे: १२ ठिकाणं, शेल्टरमधली २,२८२ कुटुंबं. दीर्घ मुदतीच्या व्हाउचरने बेघरपणा निम्म्यावर आला. थोड्या महिन्यांच्या भाडेमदतीने फारसा फरक पडला नाही. मी मुदतीवर अडून बसतोय ते यामुळे.

कागदपत्र

लाभांबद्दल. पहिला हप्ता जाण्याआधी प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र हिशोब मांडा. सरसकट उत्तर नसतं.

एसएसआय सगळ्यात नाजूक. पहिले २० डॉलर सोडले की अशी रोख डॉलरमागे डॉलर वजा होते. मूल लाभार्थी असेल तर आईवडिलांच्या उत्पन्नाचा काही भागही त्याच्या नावावर धरला जातो. पूर्णपणे राज्याच्या किंवा स्थानिक सरकारच्या पैशातून, गरज पाहून दिलेली मदत एसएसआय मोजत नाही. तुमचा पैसा खासगी असल्याने ती सवलत तुम्हाला लागू नाही. वर एकट्या व्यक्तीला मालमत्तेची मर्यादा २,००० डॉलर. अशा घरांसाठी अपंग मुलाच्या नावे एबल खातं (अपंगांसाठीचं खास बचत खातं) उघडा आणि त्याचा वाटा संस्थेने थेट त्यात भरावा. इतर कुणी त्यात भरलेली रक्कम उत्पन्न धरत नाहीत, आणि एसएसआयसाठी १ लाखापर्यंतची शिल्लक मालमत्तेत मोजत नाहीत. घराचं भाडं त्यातून देता येतं.

फूड स्टॅम्पला खासगी धर्मादाय संस्थेची रोख तिमाहीला ३०० डॉलरपर्यंतच माफ. त्यापुढची सूट राज्याच्या नियमावर अवलंबून, आणि तुमच्या राज्यात हमी उत्पन्नासाठी तशी वाट आहे. मात्र कार्यक्रम सुरू होण्याआधी काउंटीकडून (जिल्हा प्रशासनाकडून) लेखी घ्या. तोंडी होकार पुढच्या फेरतपासणीत कुणी मानत नाही. व्हाउचरमध्ये कुटुंबाचा भाड्याचा वाटा हिशोबी उत्पन्नाच्या ३० टक्के असतो. ८५० मोजले गेले तर भाडं महिन्याला सुमारे २५५ ने चढेल. गृहनिर्माण प्राधिकरणाचंही पत्र हवं.

शेवटी कर. बदल्यात काही न मागता दिलेली रक्कम देणगी ठरते आणि घेणाऱ्याला त्यावर आयकर नाही. वर्गाला बसा, सर्वेक्षण भरा अशी अट हप्त्याला जोडू नका. सर्वेक्षणाचा मोबदला वेगळा द्या, वेगळा नोंदवा.

सावली

जमाखर्च यांच्या उतरत्या हप्त्यांना माझा विरोध आहे. भाडं उतरत नाही, मग मदत का उतरावी? तेच २,४०० सहा महिने सरळ ४०० ने द्या. १५० डॉलरचा शेवटचा हप्ता कुठल्याच बिलाला पुरत नाही, आणि दर महिन्याला बदलणारा आकडा लाभाच्या कार्यालयात दर महिन्याला नवं कागदी काम लावतो.

जमाखर्च

कागदी कामाचा मुद्दा मान्य. ४०० चं सरळच ठेवा.

ओवी

निवड आणि प्रत्यक्ष पैसे पोचवणं? बऱ्याच जणांना पत्ताच नाही.

सावली

नातेवाइकांकडे राहणारी कुटुंबं गृहनिर्माण खात्याच्या 'बेघर' या व्याख्येत बहुधा बसत नाहीत, शाळांच्या व्याख्येत (मॅकिनी-व्हेंटो कायदा) बसतात. म्हणून शेल्टरच्या यादीवर थांबू नका, शाळा-जिल्ह्याच्या बेघर विद्यार्थी समन्वयकाकडून नावं मागवा. "आधी येईल त्याला" ठेवलंत तर ज्याच्याकडे चार्ज असलेला फोन आहे तोच जिंकतो. दोन आठवडे अर्ज उघडे ठेवून सोडत काढा.

प्रीपेड कार्ड टपालाने पाठवू नका, हातात द्या. एटीएमचं, शिल्लक बघण्याचं आणि हरवलेल्या कार्डाचं शुल्क करारातच शून्य करून घ्या. बँकेला राहण्याचा पत्ता हवा असतो. तो नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा किंवा ओळखीच्या माणसाचा पत्ता नियमात चालतो, पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. शाखा व्यवस्थापकाशी आधी बोलून ठेवा. आणि हप्ता महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास पडू द्या. भाडं १ तारखेला लागतं, आणि शनिवार-रविवार मध्ये आला तरी हाताशी दिवस राहतात.