मर्यादित खर्चात बुकशेल्फ स्पीकर निवडताना आलेले अनुभव

घरात दोन छोटे (बुकशेल्फ) स्पीकर, एक अँप्लिफायर आणि निवांत बसून गाणे ऐकण्याची एक जागा, एवढीच ज्यांची गरज आहे, त्यांनी ३० हजार रुपयांच्या आसपास कशी निवड केली हे येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. खोली केवढी आहे, मुख्यतः काय ऐकता आणि पुन्हा खरेदी करायची झाल्यास काय वेगळे कराल, हे आवर्जून सांगावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

ठाणे

आमची ऐकण्याची खोली १० फूट बाय १० फूट, म्हणजे अगदी चौरस आहे. दुकानाच्या प्रशस्त दालनात साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) असलेल्या जोडीचा भरदार आवाज मला इतका आवडला की घरच्या खोलीचा विचारच मनात आला नाही. घरी आणल्यावर मात्र डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यामागे एक जाड गुंजन रेंगाळू लागले आणि विलंबित ठेक्याचे बोल त्यात बुडून गेले. आठवडाभर मी स्पीकरलाच दोष देत होतो. पुढे वाचन केल्यावर उलगडा झाला. समोरासमोरच्या भिंतींत जेवढे अंतर असते, त्याच्या दुप्पट तरंगलांबीचा ध्वनी त्या खोलीत साठून राहतो. १० फुटांसाठी हा हिशेब सुमारे ५६ हर्ट्झ येतो आणि खोली चौरस असल्याने लांबी व रुंदी या दोन्ही दिशांनी नेमका तोच ध्वनी फुगतो. त्यात माझ्या स्पीकरचा पोर्ट, म्हणजे खर्जासाठी पेटीला ठेवलेले भोक, मागच्या बाजूला होता आणि मी ते भिंतीपासून चार इंचांवर ठेवले होते, त्यामुळे खर्ज आणखी वाढला.

स्पीकर दीड फूट पुढे ओढले, पोर्टमध्ये सुती मोजे सैलसर बसवले, तेव्हा बोल मोकळे झाले. पण दीड फूट जागा अडली आणि कपाटाचे दार पूर्ण उघडेना. शेवटी ती जोडी मी एका मित्राला दिली. त्याचा दिवाणखाना १८ फूट लांब आहे व तिथे ती अतिशय सुंदर वाजते. माझ्याकडे आता पाच इंची वूफरची जोडी आहे आणि या खोलीला ती पुरते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर दुकानात जाण्याआधी मी खोली मोजेन.

पुणे

मी स्वतः गाणे शिकते, त्यामुळे माझी कसोटी तंबोरा हीच होती. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते आणि छोट्या स्पीकरचा आवाज साधारण तिथेच उतरू लागतो, म्हणून मला धास्ती होती. प्रत्यक्षात तंबोऱ्याचा जीव त्या मूळ कंपनापेक्षा जवारीतून (तारेखालच्या घोडीवरच्या झणकारातून) उमटणाऱ्या वरच्या स्वरांत अधिक असतो. म्हणून प्रत्येक जोडीवर मी एकच गोष्ट तपासली, ती म्हणजे खर्जातून निघणारा स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गांधार ऐकू येतो की नाही. एका महागड्या जोडीवर तो ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याच्या) चकचकीत आवाजात हरवला, तर तिच्याहून निम्म्या किमतीच्या जोडीवर तो स्वच्छ ऐकू आला.

दुसरी गोष्ट मी अगदी ऐन वेळी शिकले. दोन जोड्या लागोपाठ ऐकवताना दुकानदाराने आवाजाची कळ एकाच जागी ठेवली होती. एका जोडीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीवर मिळणारा आवाज, ८५ डेसिबल होती आणि दुसरीची ८८. तीन डेसिबलचा हा फरक भरून काढायला अँप्लिफायरला दुप्पट शक्ती द्यावी लागते, तेव्हा एकाच कळीवर दुसरी जोडी मोठ्याने वाजणार हे उघड आहे आणि जे मोठ्याने वाजते तेच आपल्याला चांगले वाटते. दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घेतल्यावर माझे मत बदलले.

छोटा स्पीकर घेतला म्हणजे तडजोड केली, असे मला वाटत नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरण्यासाठी एलएस३/५ए हा लहानसा स्पीकर घडवला, त्यात मानवी आवाज खरा ऐकू यावा याला महत्त्व होते आणि त्याचे चाहते आजही आहेत.

नाशिक

माझ्या धाकट्या भावाने न्यू जर्सीहून येताना अँप्लिफायर आतच असलेली अॅक्टिव्ह जोडी मोठ्या प्रेमाने आणली. ती फक्त १२० व्होल्टची होती. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावताच जळका वास आला आणि आतला वीजपुरवठ्याचा भाग गेला. भाऊ तेव्हा फार खजील झाला, पण खरे म्हणजे मागची पट्टी मीही वाचली नव्हती. पॅसिव्ह, म्हणजे आत अँप्लिफायर नसलेल्या, स्पीकरला थेट वीज लागतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. परदेशातून काही मागवायचे असल्यास मागे '१००-२४०' असे छापलेले आहे का, हे फोटो मागवून पाहावे, नाहीतर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो.

रत्नागिरी

जुनी जोडी स्वस्तात मिळते म्हणून मी दोनदा फसलो, कारण कोकणातल्या दमट हवेत वूफरच्या कडेची फोमची गोल पट्टी हळूहळू भुसभुशीत होते आणि एके दिवशी बोट लावताच तिचा चुरा पडतो. ती पट्टी नव्याने बसवता येते, मात्र ते काम मन लावून करणारा कारागीर मिळायला हवा. तिसऱ्या वेळी मी जाळी काढून, विजेरी लावून पाहिले व रबरी कडेचीच जोडी घेतली. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) पेटी तळाशी फुगली आहे का, हेही बोटांनी चाचपून पाहावे. पावसाळ्यात मी स्पीकर भिंतीला टेकू देत नाही.

नागपूर

तांबडी व काळी तार एका स्पीकरला उलट जोडली गेली होती. महिनाभर मला ही जोडी पोकळ वाटत होती. परत करायला निघालो, तेव्हा मुलीने पाहून तारा बदलल्या आणि खर्ज आला. तार म्हणून मी दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर वापरतो आणि तीन मीटर अंतराला ती पुरते.

मडगाव

माझा संग्रह बहुतेक जुन्या, मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणाऱ्या) ध्वनिमुद्रणांचा आहे. मग दोन स्पीकर कशाला, असे मला विचारले जाते. माझ्या अनुभवाने जोडी नीट लावण्यासाठी मोनो मुद्रणासारखे साधन नाही, कारण त्यात गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. माझ्याकडे तो सतत डावीकडे झुकत असे. डावा स्पीकर पुस्तकांच्या मांडणीत खोचलेला होता आणि उजवा मोकळ्या तिवईवर होता, हे त्याचे कारण निघाले. वर पुण्याच्या ताईंनी कानाने आवाज जुळवण्याविषयी लिहिले आहे, त्याला मी मोजपट्टीची जोड देईन. दोन्ही स्पीकर सारख्याच तिवयांवर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले. दोघांमधले अंतर आणि माझ्या खुर्चीपर्यंतचे अंतर सहा-सहा फूट केले आणि तोंडे किंचित आत वळवली. आता मुद्रणातल्या गायिकेचा आवाज समोरच्या भिंतीवर कॅलेंडर टांगले आहे, तिथून येतो.