चॅपल हिलला साठाव्या वेळी

ग्रुप: वाड्यातली मंडळी
रविवार, १२ जानेवारी २०२०

सुमन आत्या: सुप्रभात मंडळी. पहाटेपासून फोन उशाशी टिंग टिंग करतोय, ह्यांना वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं, धडपडत चष्मा शोधून बघते तर चिन्मयचे एकाखाली एक ३७ मेसेज आणि सगळ्यात एकच आकडा, ५९. काय आहे हे ५९? कोणाची एकसष्टी जवळ आली का काय? अपरात्री असं काही टाकत जाऊ नका रे, छातीत धस्स होतं

प्राजक्ता वहिनी: आत्या मी पण घाबरले. आधी तिकडच्यांचा फोन लावला, कोणी उचलेना

सुधीर काका: सुमे सॉरी गं. पोरगा वेडा झालाय आनंदानं. क्लेम्सन, म्हणजे त्याचं अमेरिकेतलं कॉलेज, जिंकलं चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलायना कॉलेजच्या घरी, बास्केटबॉल. ७९-७६, ओव्हरटाइममध्ये.

मोहन काका: कोल अँथनी खेळत नव्हता.

सुमन आत्या: हे कोण आता?

मोहन काका: नॉर्थ कॅरोलायनाचा सगळ्यात भारी प्लेअर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डिसेंबरपासून बाहेर आहे. तो असता तर हा विषयच निघाला नसता.

चिन्मय: आत्या खरंच सॉरी, तुमच्याकडे पहाट आहे हे डोक्यातच आलं नाही. पण ऐक ना. १९२६ पासून क्लेम्सन चॅपल हिलला जाऊन नॉर्थ कॅरोलायनाशी खेळतंय. ५९ मॅच झाल्या आणि ५९ च्या ५९ हरलो. एक पण जिंकली नव्हती. एकाच टीमला आपल्या घरी सलग एवढ्या वेळा हरवायचं रेकॉर्ड आहे हे, अख्ख्या अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दुसऱ्या कोणाचं नाही. आज ६०वी होती. आज जिंकलो!!!

ओंकार: म्हणजे ९४ वर्षं??

चिन्मय: ९४ वर्षं दादा

ओंकार: बापरे. आपली टीम ४७-४८ साली पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथे टेस्ट सिरीज जिंकायला गेल्या वर्षीचा जानेवारी उजाडला, ७१ वर्षं. ते आपल्याला केवढं वाटलं होतं. तुमचं तर त्याच्याही पुढे गेलं

चिन्मय: तेच तर सांगतोय सगळ्यांना

अरुण काका: पण एवढ्या वर्षांत एकदाही हरवलं नाही म्हणजे टीम अगदीच लिंबूटिंबू दिसते

चिन्मय: काका आमच्या गावी हरवलंय त्यांना, बऱ्याचदा. फक्त त्यांच्या घरी जाऊन जमत नव्हतं. २००८ ला तर चांगले पुढे होतो, शेवटी डबल ओव्हरटाइमला गेली आणि १०३-९३ हरलो. आमच्या लॅबमधले जुने लोक अजून त्या मॅचचं नाव काढलं की गप्प होतात.

मोहन काका: ह्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाची टीमच पडलेली आहे. ह्याच्या आधी जॉर्जिया टेक आणि पिट्सबर्गशीही घरीच हरले. त्यात कोल अँथनी नाही. जिंकले ठीक आहे, पण डोक्यावर घेण्यासारखं काही नाही.

सुधीर काका: दादा तू एवढं बारीक फॉलो करतोस हे माहीत नव्हतं

मोहन काका: माझी मुलगी तिथे शिकली आहे सुधीर.

प्राजक्ता वहिनी: मोहन काका तळजाईला ती आकाशी टोपी घालून जातात ना रोज, तीच ना ही टीम?

मोहन काका: हो. कॅरोलायना ब्लू म्हणतात त्या रंगाला. कॉन्व्होकेशनला गेलो तेव्हा घेतली. मायकल जॉर्डन ह्याच कॉलेजचा, हे पण लक्षात असू द्या.

सुमन आत्या: बरं झालं. आता बुधवारी संक्रांत आहे, तिळाच्या वड्या कोणाला किती ते आजच कळवा. गूळ आणून ठेवलाय. मागच्या वर्षी आयत्या वेळी सांगितलं आणि मला रात्री ११ वाजता पुन्हा पाक करावा लागला

प्राजक्ता वहिनी: आम्हाला अर्धा किलो आत्या. मऊ कराल ना? आईंचे दात

ओंकार: आत्या वड्या होतीलच, मला आधी मॅच कळू दे. चिन्मय ओव्हरटाइमपर्यंत गेली कशी?

चिन्मय: सांगतो सांगतो, मोठा मेसेज आहे. शेवटची दोन मिनिटं आणि वर काही सेकंद राहिलेले आणि आम्ही १० पॉइंटनी मागे, ६८-५८. संपल्यातच जमा. मग एकेक बास्केट पडायला लागली, त्यांच्या चुका व्हायला लागल्या, १० चे ७ झाले ७ चे ५ झाले असं करत करत ७०-६७ ला आलं आणि शेवटचे तीन-चार सेकंद उरले असताना आमिर सिम्सनं लांबून तीनचा टाकला, थेट आत, ७०-७०. अख्ख्या हॉलमध्ये एकदम असं झालं की कोणी स्विच बंद केला. २१ हजार माणसं बसतात त्या डीन डोममध्ये आणि मला माझ्या मागच्या माणसाचा पॉपकॉर्न खाली सांडल्याचा आवाज आला. खरंच आला.

ओंकार: थांब, तू तिथे होतास??

चिन्मय: हो! वरच्या माळ्यावर, एकदम भिंतीला टेकून. आजूबाजूला सगळं आकाशी आणि मी एकटा नारिंगी स्वेटरमध्ये

सुमन आत्या: कोणता रे, मी विणलेला?

चिन्मय: तोच आत्या. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं कुठून घेतला, मी म्हणालो पुण्याहून, माझ्या आत्यानं हातानं विणलाय.

सुमन आत्या: अगं बाई. बाहीला जरा घट्ट झालाय ना तो, पुढच्या वेळी आणशील तेव्हा उसवून देते. बरं, ३७ मेसेज माफ

ओंकार: आमच्या ईशानं विचारलंय की ओव्हरटाइम पाच मिनिटांचाच होता का. ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन मॅच झाल्या ना, तिची शाळा पहिल्या दिवशी घेऊन गेली होती. ती पण ओव्हरटाइमला गेली, इंडियाना पेसर्स १३२-१३१. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही

चिन्मय: हो पाचच मिनिटं. त्यात आम्ही ९, त्यांचे ६. सांग तिला.

ऋता: बाबा तुम्ही सारखं कोल अँथनी कोल अँथनी करू नका. त्याच्याशिवाय पण १० नी पुढे होतो. खरी चूक शेवटच्या बॉलला झाली. तीननी पुढे आहोत आणि काही सेकंद राहिलेत तर सरळ फाउल करायचा. ते दोन फ्री थ्रो टाकतील, दोन्ही गेले तरी दोनच पॉइंट, तरी आपण एकनी पुढे आणि बॉल आपल्याकडे. त्यांना तीनचा टाकूच कसा दिला?

अरुण काका: मुद्दाम फाउल करायचा? असं चालतं?

ऋता: चालतं काका, नियमात बसतं. शेवटच्या बॉलला सहा हवे असतील तर बोलर एक रन खुशाल देतो ना, तसंच

अरुण काका: आता कळलं. मग नाही केला म्हणजे गाढवपणाच झाला

मोहन काका: कोच रॉय विल्यम्स आहे, मुरलेला माणूस आहे. त्याच्यावर एवढ्यात बोलू नये. अर्थात कोल अँथनी असता तर ही वेळच आली नसती.

ओंकार: काका चौथ्यांदा

मोहन काका: मोजतोयस का तू?

ओंकार: ईशा मोजतेय

चिन्मय: एक सांगू का. रॉय विल्यम्सचे आत्तापर्यंत ८७९ विजय झालेत. त्यांचे गुरू डीन स्मिथ, ज्यांच्या नावाचा तो हॉल आहे, त्यांचे पण बरोबर ८७९. आज जिंकले असते तर ८८० होऊन शिष्य गुरूच्या पुढे गेला असता, गुरूच्याच नावाच्या हॉलमध्ये. सगळं गाव त्यासाठी आलेलं. आणि नेमकं आजच आम्ही

मोहन काका: हे तुम्हाला शोभलं नाही. मोठ्या माणसाचा दिवस घालवला.

सुधीर काका: दादा मॅच आहे ती, हरून द्यायची का मग? तुझं दर वेळी असंच असतं. पोरानं काही केलं की त्याला एक पण जोडलेलाच. २०१६ च्या दिवाळीला त्याची अ‍ॅडमिशन झाली म्हणून मी पेढे घेऊन आलो तुझ्याकडे तेव्हा सगळ्यांसमोर काय म्हणालास आठवतंय? क्लेम्सन म्हणजे ते शेतकी कॉलेज ना. चारचौघांत. तो पोरगा ऑटोमोबाइल इंजिनीअरिंग करायला चालला होता, जगात मोजक्या ठिकाणी असा कोर्स आहे, आणि तू शेतकी कॉलेज म्हणालास. हिच्या डोळ्यात पाणी आलं होतं त्या दिवशी. मी कधी बोललो नाही.

मोहन काका: ते १८८९ ला शेतकी कॉलेज म्हणूनच सुरू झालं होतं सुधीर, मी वाचून बोललो. आणि शेतकी म्हणजे शिवी आहे का, आपले आजोबा शेतकरीच होते. नॉर्थ कॅरोलायना १७९५ ला उघडलं, तिथलं पहिलं सरकारी विद्यापीठ, एवढंच मला सांगायचं होतं.

सुधीर काका: सांगायचं काय होतं ते सगळ्यांना कळलं होतं.

मोहन काका: बरं. मग हे पण सगळ्यांना कळू दे. त्याच्या लोनला जामीन कोण राहिलं होतं? बँकेत तीन खेपा कोणी घातल्या? मी पण कधी बोललो नाही.

सुमन आत्या: दादा, सुधीर, बास. आई बाहेर आलीय, वाचून दाखव म्हणतेय, काय दाखवू तिला? संक्रांत तोंडावर आहे आणि तुमचं हे. अरुण काकांना किती वड्या ते अजून आलं नाही

अरुण काका: पाव किलो. पण मागच्या महिन्यात वानखेडेवर रेल्वेनं मुंबईला दहा विकेटनी हरवलं, ४१ वेळा रणजी जिंकलेली टीम आणि घरच्या मैदानावर. तेव्हा ह्या ग्रुपवर कोणी एक मेसेज टाकला नाही आणि हे अमेरिकेतल्या कॉलेजवरून सख्खे भाऊ भांडतायत

ओंकार: काका आपण पुण्याचे, मुंबई हरली तर आपल्याला काय

अरुण काका: हा विषय तू काढू नकोस

प्राजक्ता वहिनी: ऋता तू कुठे आहेस आत्ता? एकदम गप्प झालीस

ऋता: घरी आहे वहिनी, चॅपल हिलजवळ केरीला. चिन्मय पण इथेच आहे. आज रात्री राहतोय, उद्या सकाळी ग्रीनव्हिल, चार तासांचा रस्ता आहे. तो खाली सोफ्यावर आहे, मी वर.

सुमन आत्या: म्हणजे तुम्ही दोघं एका घरात बसून ग्रुपवर भांडताय???

ऋता: आत्या त्याच्याशी समोरासमोर बोलता येत नाहीये मला अजून तासभर. येताना गाडीत पण रेडिओ बंद ठेवला

चिन्मय: ताई पिठलं गार होतंय, खाली ये

ऋता: तू खा. विजेत्यांनी खावं

चिन्मय: बाबा, मोठे काका, एक लिहितो ते दोघांनी वाचा. तिकिटं ऋताताईनी काढली होती. माझ्यासाठी पण. आमच्या कॉलेजचे सगळे सोमवारच्या न्यू ऑर्लिन्सच्या फुटबॉल फायनलच्या तयारीत, बास्केटबॉलकडे कोणाचं लक्ष नाही, ६०व्यांदा हरायला चार तास गाडी चालवून कोण जाणार म्हणून मला एक मित्र मिळाला नाही बरोबर यायला. ताई म्हणाली तू ये, मी आहे. ६८-५८ झालं तेव्हा आमच्या ओळीतले दोघं-तिघं घरी जायला उठले, गर्दीच्या आधी पार्किंगमधून निघायला. मी पण उठलो. म्हणालो चल ताई, तुझे जिंकले, उगाच अडकू. तिनं माझा स्वेटर धरून खाली बसवलं. म्हणाली आपली टीम खेळतेय तोवर उठायचं नसतं, आजोबा केसरीची रेडिओवरची कुस्ती पण निकाल लागेपर्यंत ऐकायचे. म्हणून मी बसलो. ती नसती तर मी त्या वेळी पार्किंगमध्ये असतो आणि सिम्सचा तो शॉट मला गाडीतल्या रेडिओवर ऐकावा लागला असता. आणि तो आत गेल्यावर मी ओरडलो तेव्हा तिचे डोळे भरले होते पण हात माझ्या पाठीवरच होता. तेवढंच सांगायचं होतं.

प्राजक्ता वहिनी: ऋता गं

ऋता: नाही उठायचं म्हणजे नाही उठायचं. ते सगळ्यांना लागू आहे, नारिंगीवाल्यांना पण.

ऋता: आणि तुमचा टेव्हिन मॅक मस्त खेळला, हे पण मान्य करते. खाली येतेय. तूप जास्त घाल पिठल्यावर

सुधीर काका: ऋता बेटा, थँक्यू. दादा, बँकेच्या तीन खेपा मला माहीत आहेत. पहिल्या खेपेला पाऊस होता आणि तू ओल्या चपलांनी मॅनेजरसमोर दीड तास उभा होतास. विसरलेलो नाही मी.

मोहन काका: दोन तास.

सुमन आत्या: आईला वाचून दाखवलं. विचारतेय, हरलेल्या बाजूचा तो म्हातारा कोच, त्याचं काय झालं?

चिन्मय: आजी, त्यांच्या पुढच्या मॅच आहेत. ८८० होतीलच, एवढ्यात होतील.

सुमन आत्या: म्हणाली मग ठीक आहे. दादाकडे वड्या किती ते विचार म्हणतेय

मोहन काका: एक किलो. त्यातल्या अर्धा किलो वेगळ्या डब्यात भर, मीच घेऊन जाईन सुधीरकडे बुधवारी.

मोहन काका: चिन्मय, तो तीनचा टाकणाऱ्या मुलाचं पूर्ण नाव काय म्हणालास?

चिन्मय: आमिर सिम्स, मोठे काका. २० पॉइंट केले आज त्यानं.

मोहन काका: बघतो आज त्या शॉटचा व्हिडिओ. लिंक पाठव.

ओंकार: काका कोल अँथनी नव्हता ना पण

मोहन काका: लिंक पाठव चिन्मय.