व्हीपीएन घेऊनही ओळख फुटता फुटता राहिली, नक्की कुठे चुकलं?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये.

ऑफिसमधल्या एका भानगडीबद्दल नाव न सांगता लिहायचं होतं म्हणून एका सोशल ॲपवर नवीन अकाउंट काढलं. पैसे भरून व्हीपीएन (आपला आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, लपवणारी सेवा), इन्कॉग्निटो विंडो, ईमेल पण नवा कोरा, म्हटलं आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ओळखणार नाही. अर्ध्या तासात 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून पहिलं नाव कुणाचं यावं? आमच्या टीम लीडचं! नशीब एक अक्षरही टाकलं नव्हतं.

मग लक्षात आलं, ओटीपीसाठी नंबर नेहमीचाच दिला होता आणि तो त्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे, त्याने कधीतरी काँटॅक्ट अपलोडला 'अलाऊ' दाबलं असणार.

अकाउंट उडवलं पण डोक्यात किडा वळवळायला लागला. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची 'कव्हर युअर ट्रॅक्स' टेस्ट (आपला ब्राउजर गर्दीत किती वेगळा ओळखू येतो ते सांगणारी) आधी व्हीपीएनशिवाय आणि मग व्हीपीएन लावून चालवली, दोन्ही वेळा निकाल तोच, ब्राउजर युनिक. आयपी तेवढा बदलला, बाकी स्क्रीनचा साइझ, टाइमझोन, फॉन्टची यादी सगळं जसंच्या तसं. (हौसेने ढीगभर फॉन्ट टाकलेत, तेच नडले बहुतेक.) इन्कॉग्निटो काय, खिडकी बंद केली की माझ्याच मशीनवरची हिस्टरी नि कुकीज पुसतो, बास. आणि नेटवाल्यापासून लपले तरी कुठल्या साइटवर गेले ते व्हीपीएनवाल्याला दिसतंच की, वर कार्डाने पैसे भरलेत म्हणजे नावही त्याच्याकडे. 'नो लॉग्स' लिहिलंय खरं, पण ते मी कसं तपासणार?

आता टॉर (अनेक सर्व्हरांतून वळसे घालून आपण कोण ते लपवणारं नेटवर्क) वापरू का? २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली होती आणि तरी सापडला, कारण विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरला कोण जोडलं गेलं होतं ते दिसत होतं. टॉर फुटलं नाही, माणूस फुटला. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप आणि वायफाय बाद, तेवढी अक्कल आहे मला.

पण घरच्या नेटवरून टॉर ब्राउजर पुरेल का? त्याची विंडो मॅक्सिमाइझ करू नये (स्क्रीनचा साइझ कळतो म्हणून) म्हणतात ते एवढं मनावर घ्यायचं का? आणि स्वतःचा नंबर न देता अकाउंट निघेल असं काही आहे का?

शिवाय खरी गोची वेगळीच आहे. हे प्रकरण आतून माहीत असलेले आम्ही तिघंच, आणि त्यातला एक तो टीम लीड. त्यावर काय करायचं?