घुग्गुसला बदली : भाड्याचं घर बघताना काय बघायचं?

पागोळी_राजापूर
भावाची बँकेतली बदली चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुसला झाली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय, घर मे महिन्यात बघायला जाणार. सोबत आई (दम्याचा त्रास) आणि चार वर्षांची मुलगी. फोटोंवरून दोन घरं निवडली आहेत. एक जुन्या वस्तीत, भाडं कमी. दुसरं मोठ्या रस्त्याला लागून. तिथले एक ओळखीचे म्हणाले, "खाली पोकळ आहे, बघून घ्या." आपल्याकडे कोकणात पाया खणला की दोन हातांवर कातळ लागतो, त्यामुळे सपाटीवरची जमीन खचेल हे डोक्यातच येत नाही. घरात शिरल्यावर नेमकं काय बघायचं? पाणी आणि धुळीचंही सांगा.

ओळंबा
आधी जवळची खाण कुठल्या प्रकारची ते विचारा. ओपनकास्ट, म्हणजे उघडी खाण, डोळ्यांना दिसते. तिचा त्रास धुळीचा आणि हादऱ्यांचा. घराखालची जमीन जाते ती भूमिगत खाणीवर, आणि बऱ्याचदा ती खाण कधीच बंद पडलेली असते.

भूमिगत खाणीत कोळशाचे खांब मागे ठेवून मधून गल्ल्या काढतात, साधारण 4 ते 4.8 मीटर रुंद. गल्लीच्या छताचा दगड वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटत राहतो. सुटलेला दगड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वर खडकाचा जाड थर असेल तर पोकळी आपोआप बुजते. गल्ली उथळ असली की बुजायच्या आत पोकळी वरच्या मातीपर्यंत पोचते. मग पावसाचं पाणी मुरतं, माती त्याच्याबरोबर खाली जाते आणि वर विहिरीसारखा खड्डा पडतो. असे खड्डे पावसाळ्यात जास्त पडतात ते यामुळे. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्गुसच्याच आमराई वॉर्डात एक अख्खं घर असं जमिनीत गेलं.

आता भेगा. भेग दिसली की घर नापास, असं करू नका. तसं केलंत तर तिकडे घरच मिळणार नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि तिच्यावरच्या जुन्या घरांना भेगा असतातच. ही भेग मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक. खचण्याची भेग ऋतू बघत नाही, एकाच दिशेने वाढत जाते. तुम्ही बघणार मे मध्ये, म्हणजे काळ्या मातीची भेगही तेव्हा सगळ्यात रुंद असणार, तेव्हा रुंदीवर जाऊ नका. भेग कुठून कुठे जाते ते बघा. अंगणातून कमानीसारखी वळत शेजारच्या घरात शिरत असेल, जवळच्या विहिरीचं पाणी अचानक उतरलेलं असेल, फरशीवर काठी आपटल्यावर एकाच पट्ट्यात पोकळ आवाज येत असेल, तर ते घर सोडा.

घराचा सर्व्हे नंबर घेऊन कोलियरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, सर्व्हे विभागात विचारा. खाणीचे नकाशे तिथे असतात. मात्र 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाजगी खाणींचे नकाशे सगळीकडे पूर्ण नाहीत, म्हणून "नकाशात नाही" याचा अर्थ "खाली काही नाही" असा घ्यायचा नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या कामगाराला विचारा, खाणीचं जुनं तोंड कुठे होतं ते त्याला माहीत असतं.

खाडीपट्टा
दमा आहे म्हणता, तर मोठ्या रस्त्याचं घर आजच यादीतून काढा. खाणीपेक्षा कोळशाच्या ट्रकांचा रस्ता जास्त छळतो. ताडपत्री नीट बांधलेली नसली की कोळसा सांडतो, मागून येणारी चाकं त्याचं पीठ करतात, आणि ते पीठ दिवसभर उडत राहतं. घर बघताना खिडकीच्या गजांवरून पांढरा रुमाल फिरवा. तपकिरी आला तर मातीची धूळ, काळा आणि चिकट आला तर कोळसा. घुग्गुसला कोळशाच्या जोडीला सिमेंट आणि लोखंडाचेही कारखाने आहेत, तेव्हा राखाडीसुद्धा येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण होते. 70 च्या वर गेलं की अतिप्रदूषित.

सगळ्यात वाईट महिने डिसेंबर-जानेवारी. हवा हलत नाही, वस्तीत दगडी कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि धूर जमिनीलगत बसतो. आईंचं सकाळचं फिरणं तेव्हा ऊन वर आल्यावरच. घरात कोरडा झाडू नको, ओलं फडकं.

आणि कूलर. आपल्याकडे कूलर म्हणजे घरात दुसरा पावसाळा, पण तिकडची हवा कोरडी, मे मध्ये पारा 46-47 ला जातो, तिथे तो पंख्यापेक्षा कितीतरी बरा. कूलर खिडकीबाहेर, रस्त्याच्या उलट बाजूला. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा भरतो. बाजूचं गवत दर हंगामात बदलायचं. जुन्या गवतात धूळ आणि बुरशी धरते आणि कूलर सुरू केला की तीच थेट दमेकऱ्याच्या तोंडावर. पहिला पाऊस पडला की कूलर बंद.

झरी
पाण्याबद्दल. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं, साबण लगेच फेसाळतो. तिकडे बोअरच्या पाण्यात साबण फुटतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो, हे पाणी जड असल्याचं लक्षण. उघड्या खाणी उपसा करतात म्हणून आसपासच्या विहिरी आटतात आणि लोक जास्त खोल बोअरकडे वळतात. चंद्रपूर जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराईड आहे, आणि चार वर्षांच्या मुलीच्या दातांसाठी तेच बघायला हवं. पाण्याची तपासणी करून घ्या: फ्लोराईड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत हवं, 1.5 च्या वर नकोच. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. आरओ लागेल. घरी नळ आहे की बोअर, नळ असला तर किती दिवसाआड येतो, हे मालकाला नाही, शेजारणीला विचारा.

खदानभाऊ
दोन गोष्टी राहिल्या. नदी-नाल्याकाठचं घर नको. खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे पात्राजवळ आले आहेत, वर्धा नदी फुगली की पाणी नाल्यांतून मागे चढतं. दुसरं, ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळीचं रान माजलंय, त्यात बिबट्या असतो, कधी वाघही. वस्तीच्या शेवटच्या रांगेतलं घर असेल तर अंधार पडल्यावर पोरीला अंगणात एकटी सोडू नका.

पागोळी_राजापूर
खूप आभार सगळ्यांचे. रस्त्यालगतचं घर रद्द केलं. जुन्या वस्तीतल्या घराचा मालक म्हणतो भेगा ब्लास्टिंगच्या आहेत, जमिनीचं काही नाही. हे कसं ओळखायचं?

ओळंबा
सुरुंगाच्या हादऱ्याने आधी गिलाव्यात केसासारख्या भेगा पडतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जातात, असलेल्या भेगा उघडतात. त्याने फरशी कलत नाही. तर ओळंबा आणि पारदर्शक नळीत पाणी भरून घ्या. ओळंबा कोपऱ्यात सोडा, नळीची दोन टोकं खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींना लावून पाण्याच्या खुणा करा आणि तिथून खाली फरशीपर्यंत मोजा. दोन्ही मापांत बोटभर फरक म्हणजे जुनं बांधकाम, तेवढं चालतं. चार बोटं फरक असेल आणि उताराच्याच बाजूला भेग असेल तर मालकाचं ऐकू नका.

हादराही तपासून बघा. ब्लास्टिंग बहुतेक दुपारी ठरलेल्या वेळी होतं, त्या वेळी घरात बसा. दगड उडण्याच्या भीतीने 500 मीटरचा पट्टा धोक्याचा धरतात, तेवढं अंतर तरी हवंच. खाण सुरक्षा महासंचालनालयाची हादऱ्याच्या वेगाची मर्यादा साध्या घरांसाठी कंपनाच्या वारंवारितेप्रमाणे सेकंदाला 5, 10 किंवा 15 मिलिमीटर आहे. ताटं खणखणली म्हणून ती ओलांडली असं होत नाही. तक्रार करायची तर मोजणी मागावी लागते.

घर घेतलंच तर भेगेवर पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली म्हणजे भिंत हलतेय. भेगांचे पट्टी धरून काढलेले फोटो 11 महिन्यांच्या कराराला जोडून दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर घर सोडताना त्याच भेगा दाखवून अनामत कापतात.