वर्डच्या अहवालात एक्सेलचे आकडे जोडलेले कसे ठेवायचे?

ताळेबंद३१मार्च:
नमस्कार. गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल वर्ड २०१९ मध्ये आहे. जमाखर्च, थकबाकी आणि सिंकिंग फंडाचे तक्ते एक्सेलमध्ये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि लेखापरीक्षकांच्या दुरुस्त्या शेवटपर्यंत येत राहतात, म्हणून 'पेस्ट स्पेशल'मधून 'पेस्ट लिंक' केलं, 'फॉरमॅटेड टेक्स्ट' प्रकारात. अडचणी अशा:
१. एक्सेलमध्ये मधे एक ओळ वाढवली की वर्डमधून 'एकूण'ची ओळ गायब होते.
२. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर जुनेच आकडे दिसतात.
३. त्यांच्याकडे लिंक नव्याने जोडून अपडेट केलं, तर १२,४५,३०० चं १,२४५,३०० होतं.

महिरपीकंस:
पहिल्या अडचणीचं मूळ असं, की वर्ड तक्ता ओळखत नाही, फक्त जागा लक्षात ठेवतं. ऑल्ट + एफ९ दाबा. तक्त्याच्या जागी महिरपी कंसात लिंकचा कोड दिसेल: आधी फाइलचा पत्ता, मग शीटचं नाव आणि 'ओळ २ स्तंभ १ ते ओळ १४ स्तंभ ४' असा पट्टा. ओळ वाढली की 'एकूण' पंधराव्या ओळीवर जातं, पण वर्ड चौदाव्यावरच थांबतं.

उपाय: एक्सेलमध्ये पूर्ण तक्ता निवडा, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नावाच्या चौकटीत रोमन लिपीत, स्पेस न देता एक नाव टाइप करा आणि एंटर मारा. मग वर्डच्या कोडमध्ये शीटचं नाव व पट्टा पुसून अवतरणचिन्हांच्या आत फक्त ते नाव लिहा. पुन्हा ऑल्ट + एफ९, नंतर तक्त्यात कर्सर ठेवून एफ९. नाव आधी दिलं तरी पेस्ट करताना वर्ड पट्टाच लिहितं, त्यामुळे हा बदल हातानेच करावा लागतो.

नवी ओळ नेहमी 'एकूण'च्या वर, म्हणजे तक्त्याच्या आत घाला. 'एकूण'च्या खाली लिहिलेली ओळ त्या नावात येत नाही.

स्तंभांची रुंदी वर्डमध्ये हाताने बदलली असेल, तर फाइल > इन्फो > 'एडिट लिंक्स टू फाइल्स'मध्ये 'प्रिझर्व्ह फॉरमॅटिंग आफ्टर अपडेट'वर टिक हवी. एक्सेलमधला स्तंभ मात्र पुरेसा रुंद ठेवाच. तिथे #### दिसत असेल तर वर्डमध्येही तेच उमटतं.

फोल्डरवाला:
दुसरी अडचण पत्त्याची. लिंकमध्ये ड्राइव्हपासूनचा संपूर्ण पत्ता असतो. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवून तो फोल्डर पेनड्राइव्हवर नेला, तरी वर्ड जुन्याच ठिकाणी शोधतं, फाइल सापडत नाही आणि शेवटचे साठवलेले आकडे तसेच राहतात. जुने आकडे अगदी खरे वाटतात, हा यातला सर्वात मोठा धोका.

लिंक एक-दोनच असतील तर 'एडिट लिंक्स'मधल्या 'चेंज सोर्स'ने काम होतं. वीसेक असतील तर ऑल्ट + एफ९ ने सगळे कोड उघडा आणि कंट्रोल + एच वापरून जुना पत्ता एका झटक्यात बदला. कोडमध्ये उलट्या तिरप्या रेघा दुहेरी असतात, बदलतानाही दुहेरीच लिहा. मग कंट्रोल + ए, एफ९. त्याआधी एक्सेलची फाइल उघडून ठेवलीत तर अपडेट बरंच लवकर उरकतं.

लाखकोटी:
स्वल्पविरामाचा संबंध विंडोजशी आहे. साधा कॉमा फॉरमॅट त्या त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे दिसतो. सेक्रेटरींकडे कंट्रोल पॅनेल > रीजन > अॅडिशनल सेटिंग्ज > 'डिजिट ग्रुपिंग' पाहा, तिथे लाखाची मांडणी निवडा.

दुसऱ्याच्या सेटिंगवर विसंबायचं नसेल तर एक्सेलमध्ये 'कस्टम' फॉरमॅट द्या:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

ऋण आकड्यांना हा चालत नाही. तूट लाखाच्या वर असेल तर ती तिसऱ्या भागात पडते आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या सेटिंगवर जाते. तुटीच्या स्तंभाला वेगळा फॉरमॅट द्या.

ताळेबंद३१मार्च:
आभार, नाव देऊन 'एकूण'ची ओळ आली. छापखान्याला वर्डची फाइलच हवी आहे. लिंकसकट पाठवली तर चालेल का?

फोल्डरवाला:
नको. त्यांच्याकडे उघडताना 'लिंक अपडेट करू का' असं विचारलं जाईल आणि कुणी 'हो' म्हटलं की गोंधळ. वेगळ्या नावाने प्रत काढा, तिच्यात अपडेट करा, मग 'एडिट लिंक्स'मध्ये सगळ्या लिंक निवडून 'ब्रेक लिंक'. कंट्रोल + शिफ्ट + एफ९ नेही लिंक तुटते, पण सगळा मजकूर निवडून दाबलंत तर अनुक्रमणिकाही गोठते, म्हणजे नंतर पानं हलली तरी तिचे क्रमांक बदलत नाहीत. मूळ लिंकवाली फाइल जपून ठेवा, पुढच्या वर्षी 'चेंज सोर्स' करून तीच वापरता येईल.

महिरपीकंस:
एक राहिलं. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फाँटमध्ये एक्सेल भरलं असेल, तर 'अनफॉरमॅटेड टेक्स्ट' प्रकारची लिंक करू नका. फाँट गळून पडतो आणि सदस्यांची नावं रोमन अक्षरांचा काला होऊन उमटतात.