ओळी मोजू नका, कोण बघतंय ते पाहा
कथा लिहिताना ‘एका प्रसंगाला दोन ओळी वर्णन पुरे’ असं एक मत आहे, ते मला पटलं नाही. माझ्या कथेतली सून पहिल्यांदाच सासरच्या स्वयंपाकघरात शिरते. आधी मी भिंती, फडताळ, खिडकी, सगळं लिहिलं होतं. मग ते खोडून मिसळणाचा डबा तेवढा ठेवला. हळदीच्या वाटीत चमचा नाही, सासूबाई चिमटीनेच घालतात. ती चिमूट आता तिला शिकायचीय! त्यावर मात्र मी अर्धं पान रेंगाळले. रशियन कथाकार चेकॉव्हनेही १८८६ साली भावाला पत्रातून असंच सुचवलं होतं: चांदणी रात्र दाखवायला बांधावर चमकणारा फुटक्या बाटलीचा तुकडा पुरतो. एसटी स्टँडसारखी ओळखीची जागा तर वाचकाने पाहिलेलीच असते. त्या दिवशी तिथे वेगळं काय होतं, तेवढंच लिहा.