प्रतिसाद : लिंबू घरी ठेवा, लिंबूसत्व न्या

कॅम्पिंगला तंबूत कॉकटेल कसं करायचं, या प्रश्नावर वर दोघांनी लिंबं आणि सिरपची बाटली नेण्याचा सल्ला दिलाय. पाठीवर एवढं पाणी कशाला वाहायचं? लिंबाच्या रसात साधारण ५-६ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड असतं. म्हणजे २० मिली रसाचं काम सव्वा ग्रॅम, अंदाजे पाव चमचा लिंबूसत्व (म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडचीच पूड) करतं.

माझं प्रमाण : ६० मिली पांढरी रम, पाव चमचा लिंबूसत्व, दोन चमचे पिठीसाखर, चिमूट मीठ आणि ५०-६० मिली गार पाणी. पाणी जास्त वाटेल, पण घरी बर्फ वितळून ते आपोआप मिसळतं, तंबूत आपल्यालाच घालावं लागतं. नेमकं हेच विसरतात आणि मग 'फार कडक झालं' म्हणून ओरडतात. साखर आधी पाण्यात विरघळवा, दारूत ती लवकर विरघळत नाही.

लिंबाचा वास मात्र सत्वात नसतो. त्यासाठी संत्र्याची वाळलेली साल (आतला पांढरा भाग खरवडून) निघतानाच रमच्या बाटलीत टाका. मुक्कामी पोचेपर्यंत वास उतरतो. फेणी असेल तर आमसुलं आणि जिरेपूड, दुसरं काही नको. आमसुलं खारवलेली असतील तर मीठ वगळा.

खाण्याचा सोडा घालून फेस आणायच्या भानगडीत पडू नका, चव थेट अ‍ॅसिडिटीच्या औषधाची येते. पावसाळ्यात साखर आणि सत्व वेगवेगळ्या पुड्यांत बांधा, एकत्र ठेवलं तर गोळा होतो.

आणि हे सगळं खाजगी कॅम्पसाइटवर. गडावर नेऊ नका, प्लीज.